तपासणीपुरती गोळी

श्रीपती हनवते लोको पायलट. सिकंदराबादहून निजामाबादकडे जाणारी पॅसेंजर चालवायचा. वडील नांदेडकडून रेल्वेत गँगमन म्हणून आलेले. रूळ ठोकणाऱ्याचा मुलगा इंजिनात बसला, हा अभिमान पन्नाशी उलटली तरी उतरला नव्हता. त्यामुळे चार वर्षांपूर्वी खासगी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बीपी आहे, रोज गोळी घ्या, मीठ कमी करा, चालायला जा," तेव्हा या गृहस्थाला एवढंच ऐकू आलं की आता इंजिन जाणार.

मग त्यानं शक्कल काढली. रेल्वेची वैद्यकीय तपासणी दर दोन वर्षांनी. तिच्या आधी महिनाभर इमानेइतबारे गोळी घ्यायची, शेजारच्या तेलुगू बाईंनी दिलेल्या कैरीच्या लोणच्याकडे, त्या आवकायाकडे, बघायचंही नाही. 'फिट'चा शिक्का बसला की गोळ्या कपाटात आणि आवकाया ताटात. बायको विमल विचारायची, "गोळी घेतली का?" हा म्हणायचा, "घेतली." झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच त्याचं वैद्यकशास्त्र.

यंदा फेब्रुवारीत कामारेड्डीच्या अलीकडे त्याला एका सिग्नलचे दोन दिसले. कानात सूं झालं, डोकं गरगरलं. चार-पाच सेकंदच. शेजारच्या असिस्टंटला पत्ताही लागला नाही, गाडी वेळेवर पोचली. पण श्रीपतीचं चित्त तिथेच राहिलं. मागच्या डब्यांत हजारभर माणसं होती.

तपासणीला महिना होता. पोटाचं निमित्त सांगून त्यानं रजा टाकली आणि नेहमीसारखी गोळी सुरू केली. घरात मात्र बसवेना. सकाळी क्वार्टर्समधून निघायचा तो थेट स्टेशनपर्यंत चालत जायचा, फलाटाच्या टोकाला जाऊन परत यायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. जेवताना उठायचा, बोलता बोलता गप्प व्हायचा. विमल वैतागली. "अहो, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?"

रविवारी विहारात पंचशील तोच म्हणायचा आणि बाकीचे त्याच्यामागून. त्या रविवारी चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, त्याची जीभ अडखळली. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं! सगळे थांबले. मग पुढच्या रांगेतल्या नामदेवरावांनी ते पुरं केलं. श्रीपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तपासणीच्या दिवशी रेल्वेच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, दहा मिनिटांनी पुन्हा बांधला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.

"क्या हनवते, एकदम फर्स्ट क्लास! फिट लिख रहा मैं."

हेच ऐकायला तो आला होता. उठून निघायचं, बस्स. सोमवारपासून पुन्हा इंजिन.

"नक्को लिखो साब," तो म्हणाला. मग कामारेड्डी, कपाटातल्या गोळ्या, आवकाया, सगळं एका दमात ओकला.

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "तीन महिने गाडी नक्को. और जाँचां करनी पड़तीं. गोली रोज, नमक कम, चलना रोज. चेकअप रहो ना रहो. बीपी काबू में रहा, जाँचां ठीक आयीं, तो फिर देखते. इंजन का वादा नहीं करता."

घरी येऊन त्यानं विमलला सगळं सांगितलं. इंजिन कदाचित परत मिळणार नाही, हेही सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती धीर देईल. निदान खरं बोलल्याबद्दल दोन शब्द बोलेल. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला सारून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"गाडीतल्या माणसांसाठी तुमचा जीव तळमळला, बरं झालं," ती म्हणाली. "पण चार वर्षं मी रोज विचारत होते, आणि 'घेतली' म्हणालात की निर्धास्त झोपत होते. मला सांगावं असं एकदाही नाही वाटलं?"