तळ्याकडे पाठ

माझे सासरे, म्हणजे आमचे सुभेदार मामंजी, वर्षातून एक दिवस स्वतःच्याच तळ्याकडे पाठ करून बसत. एरवी त्यांचा पाय तिथून निघायचा नाही. जेवायला बोलावलं की "आलो, आलो" म्हणत आणि आणखी एक चक्कर मारून येत. नागपंचमीला मात्र बांधाच्या टोकाला एका धोंड्यावर बसत, डोक्याला पटका, हातात काठी, तोंड गावाकडे. का, ते सांगते.

मी कृष्णाकाठची, सांगलीकडची. दिली फलटणच्या पलीकडे, माळावर. लढाई संपून मामंजी नुकतेच पेन्शनीत आले होते. नव्या सुनेला सासरा काय विचारील? स्वयंपाक येतो का, फार तर वाचता येतं का. यांनी विचारलं, "पोरी, पवायला येतं का?" मी पदराआडून मान हलवली. "लय झ्याक!" म्हणाले आणि तेवढ्यावर खूश होऊन निघून गेले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "इटलीचं खूळ हाय त्ये," म्हणाल्या.

इटलीत त्यांनी एक तळं पाहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी तिथल्या बायका पोरांना घेऊन त्यात डुंबत होत्या. "कुनी पानी भरत नव्हतं, कुनी धुनं धूत नव्हतं. निस्त्या हसत हुत्या!" हे त्यांनी गावात इतक्यांदा सांगितलं की लोक त्यांना पाहून वाट बदलायचे. शेवट ठरलेला असे, "आपल्या बायांनी पान्याचं निस्तं वझंच व्हायचं व्हय?"

मग एका उन्हाळ्यात त्यांनी आपल्या रानातल्या ओढ्यावर मातीचा बांध घातला. मजुरांबरोबर पाट्या उचलल्या. माती दाबायला बैल फिरवताना "लेफ्ट राइट" म्हणत, बैलांना ते शेवटपर्यंत उमगलं नाही. आखणीत मध्येच एक वारूळ आलं. त्याला कुदळ लावायला कोणी धजेना. तोफांपुढे उभे राहिलेले मामंजीही बिचकले. "ऱ्हाऊ द्या देवाचं घर. वरनं माती घाला," म्हणाले. वारूळ बांधाच्या पोटात गेलं आणि चूक झाली ती इथेच.

मामंजींचे थोरले भाऊ, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांची बाजरी बरोबर बांधाखाली. "धरान न्हवं त्ये, माझ्या बाजरीवर टांगल्याली घागर हाय," असं ते दिसेल त्याला ऐकवत. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, ओढा आला आणि तळं काठोकाठ भरलं. पण उतरायचं कोणी? बाया लांबूनच बघून जायच्या. चारचौघांत पाण्यात शिरणं म्हणजे जिभांना खाद्य.

नागपंचमी आली. वारूळ बांधात, म्हणून आम्ही बाया लाह्या-दूध घेऊन पूजेला बांधावरच गेलो. पाहतो तर पलीकडच्या अंगाला, वारुळाच्या खाली, गढूळ पाण्याची मनगटाएवढी धार लागलेली. "नाग कोपला!" कोणीतरी ओरडलं. सगळं गाव गोळा झालं. दादा कुदळ घेऊनच आले, पण पंचमीला जमीन खणायची नाही, हे दादांनाही चुकलं नव्हतं. "उद्या उजाडलं की बांध फोडतो," ते म्हणाले. "आपुन सोडल्यालं पानी बरं. फुटून आलं तर माझं रान खरवडून न्हेईल."

मामंजी खाली बसले. "बरोबर हाय दादा तुजं," एवढंच बोलले. त्यांचा पडलेला चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

इकडे पोरींनी पाण्यात लाह्या टाकल्या होत्या. त्या पसरायच्या सोडून काठालगत एका जागी गोल फिरायला लागल्या आणि एकेक करून बुडायला लागल्या. मी नदीकाठची, भोवरा ओळखते. "मामंजी, भोक तितं हाय!" सासऱ्यांशी एवढ्या मोठ्यानं बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ.

भोक सापडलं, पण बुजवायला माती कुठली? कोणी खणेना. तेवढ्यात सोना कुंभारीण पुढे आली. "आमच्याकडं गणपतीची माती मळून पडली हाय. खणली तवा कुटं पंचमी हुती?"

"आनि गणपतीला काय सांगायचं?" दादांनी दरडावलं.

"त्यो तरी शेवटी पान्यातच जातोय न्हवं?"

मामंजी ताडकन उठले. माती गाडीनं आली. आता पाण्यात कोण उतरणार? बुडी मारल्याशिवाय भोकाला हात पोचणार नव्हता आणि माळावरच्या गड्यांत एकालाही पोहता येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी लाजेनं अर्धी झाले. मामंजींनी ते ओळखलं. "समदे गडी, पाठ करा!" असा हुकूम सुटला आणि दादांसकट सारे गडी गर्रकन वळले.

मी कासोटा आवळून उडी घेतली. बुडी मारून मातीचे गोळे भोकात ठासत होते. सोनाकाकू उतरली, मग बाकीच्या. छातीभर पाण्यात उभ्या राहून आम्ही पायांनी माती तुडवली. शेवटी, पाठ केल्यामुळे तोंड धारेकडे असलेल्या दादांनीच आरोळी ठोकली, "थांबलं! धार थांबली गं!"

काम झालं, पण एकही बाई बाहेर येईना. कुणी पाणी उडवलं, कुणी नाक धरून बुडी मारली, सासूबाई तर खुदकन हसल्या. मान न वळवता मामंजींनी विचारलं, "पानी कसं हाय गं?"

"गाऽर!" आम्ही सगळ्या ओरडलो.

पुढच्या उन्हाळ्यात, तळं आटल्यावर, रीतसर पूजा करून वारूळ काढलं आणि तिथे चिकणमाती ठासली. पंचमीचा दिवस मात्र बायांचाच राहिला. मामंजी पाठ करून पहारा देत आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारत. कुठलं हसणं कुणाचं, हे त्यांना न बघता कळायचं.

काही वर्षांनी मामंजी गेले. त्यानंतरच्या पंचमीला आम्ही गेलो खऱ्या, पण पाय उचलत नव्हते. धोंडा रिकामा असणार, आता कुठलं पोहणं, असं मी मनाशी म्हणत होते. पाहिलं तर धोंड्यावर दादा बसलेले. डोक्याला पटका, हातात काठी, तोंड गावाकडे. त्यांच्या शेजारी ओळीनं गावातले गडी, सगळे पाठमोरे.

आम्ही गुपचूप पाण्यात उतरलो. मग दादा खाकरले.

"पानी कसं हाय गं?"

सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले, "गाऽर!"