मेथी निवडणारा हात

बायको मेथी निवडत होती आणि मी तिला माझी नवी विज्ञानकथा वाचून दाखवत होतो. दुसऱ्या ग्रहावरची संध्याकाळ मी दोन पानं रंगवली होती. जांभळं आकाश, काचेसारखा वारा, तीन चंद्र. तिची बोटं एका लयीत पानं खुडत राहिली.

“ऐकतेस ना?” मी घाबरत विचारलं.

“ऐकतेय हो. अंधार कधी पडणार तुमचा?”

कथा उद्याच दिवाळी अंकाला द्यायची होती. मी घाईघाईनं दोन चंद्र गाळले आणि पुढचं वाक्य वाचलं. ते लिहीपर्यंत मी दमलो होतो, त्यामुळे त्यात एकही उपमा नव्हती. “बेल वाजली म्हणून तिनं दार उघडलं, तर बाहेर तीच उभी होती.”

तिचा हात थांबला. मेथीची काडी तशीच बोटांत राहिली. तिच्याकडे बघून माझ्याही अंगावर काटा आला.

वाटलं, आपली भाषा नटूनथटून उंबऱ्यातच उभी राहते आणि भीतीला आत यायला वाटच देत नाही. थोडी संध्याकाळ हवीच, पण दार दिसेल एवढीच.

तेवढ्यात आमची बेल वाजली.

“तुम्ही उघडा,” ती कुजबुजली.

“तुझ्याकडेच कुणी आलं असेल,” मी म्हणालो.

बाहेरून बाईचा आवाज आला, “अगं, मीच आहे, उघड की!”

शेजारच्या वहिनी वाटी परत करायला आल्या असणार. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही.