काढलेला शेला

सेलूच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. जिनिंगमधला कामगार, केसांत कापसाचे तंतू. मोबाईलवर लढाईचा खेळ खेळायचा. त्याच्या योद्ध्याला बक्षिसात लांब लाल शेला मिळाला होता. शेल्यानं ताकद वाढायची, तरी त्यानं तो काढून टाकला.

मी म्हणाले, “अशानं हराल की.”

“हरू द्या, ताई. लोंबतं कापड लय वाईट. आमच्या कामावरच्या जोडीदाराच्या गळ्यातला रुमाल मशीनच्या पट्ट्यात गेला. रुमालामागं तो गेला.”

“पण हा तर खेळ आहे.”

“हाय ना. तरी बघवत न्हाई.”

माझा थांबा आला. उतरताना ओढणीचं टोक पायरीवर लोंबत राहिलं. त्यानं मागून येऊन ते माझ्या हातात दिलं. मी गाठ मारेपर्यंत त्यानं बसच्या चाकावरची नजर काढली नाही.