दाराआडची लैला

महिनाभरापूर्वी सदर भागातल्या बस थांब्यावर आमच्या जुन्या आर्केस्ट्रातला ढोलकवाला भेटला. म्हणाला, "लैला गेली नं वं, कुसुमताई. काल सकाळीच." कोण गेलं ते क्षणभर मला खरंच कळेना... मग उमगलं. शकू गेली होती. माझी शकू. ज्यानं इतकी वर्षं तिच्या मागे बसून ढोलक वाजवली, त्याच्याही तोंडी तिचं नाव आलं नव्हतं. मला त्याचा इतका राग आला, की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

शकूचे वडील जयंतीच्या कार्यक्रमांत खंजिरीवर स्वतः रचलेली गाणी म्हणत. त्यातलं एक त्यांच्या आईवर होतं. विहिरीपाशी ओंजळ धरून, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभी राहिलेली आई. शकू तेच गाणं म्हणत मोठी झाली. पुढे आम्ही दोघी आर्केस्ट्रात कोरसला लागलो. त्या सुमारास सदरला तिच्या खोलीच्या वरच्या माळ्यावर शिकायला आलेली काही अरब मुलं राहत. त्यांच्या रेकॉर्डवरचं एक गाणं हिनं जिन्यात बसून गळ्यात उतरवून घेतलं आणि अर्थही विचारून आली. सासरी गेलेली मुलगी म्हणते, माझ्या आईच्या विहिरीचं घोटभर पाणी कुणीतरी आणून द्या. "बाबाच्या गाण्याची बहीणच हाय वं ही," ती मला हरखून म्हणाली.

तालमीत ती ते सहज गुणगुणत होती आणि आमच्या मालकांनी, मोहनबाबूंनी, ऐकलं. झालं! डोळे तेवढे दिसतील असा सोनेरी जरीचा नकाब शिवून आला, फलकावर 'थेट मिसरहून, मिस लैला' अशी अक्षरं चढली. मिसर म्हणजे इजिप्त. अट एकच होती. "शकू, तू तोंड उघडलं का मिसर संपला." म्हणजे स्टेजवर मराठीचा एक शब्द नाही, हसायचं तेही बेतानं. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. हिंगण्याच्या कारखान्यांतून, गणपतीच्या मांडवांतून, लग्नाच्या स्वागतांतून लैलाची मागणी यायची. एकाची चार अरबी गाणी झाली, पण लोकांना तेच पहिलं हवं असे. पाण्यासाठी रडणाऱ्या त्या मुलीच्या गाण्यावर शिट्ट्या पडत, टोप्या उडत. "मी रडून राहिली अन् हे नाचून राहिले," शकू पडद्यामागे येऊन म्हणायची आणि हसायची. सोडावं म्हटलं तर वडिलांची धाप वाढलेली, भाऊ शिकत होता, सगळं घर तिच्या गळ्यावर चाललेलं. तिची इच्छा एकच होती. एकदा, फक्त एकदा, बाबा समोर बसलेले असताना स्टेजवरून त्यांचं गाणं म्हणायचं.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत तिनं ते धाडस केलं. त्या दिवशी ती बाबांना बसनं सोबत घेऊन आली होती, पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. दोन गाणी झाल्यावर तिनं नकाब वर केला आणि माईकवर म्हणाली, "आता माझ्या बाबांचं गाणं म्हणतो." पहिली ओळही धड झाली नाही. "अरे, हे तं आपल्याच इकडची हाय गा! फसवलं!" खुर्च्या आपटायला लागल्या. लैला पाहिजे, लैला पाहिजे, असा एकच गलका. मोहनबाबूंनी पडदा ओढला, शकूचा नकाब स्वतःच्या हातानं खाली केला आणि पुढे जाऊन हात जोडले. "माफ करना भाईयों, गलती से कोरस की लड़की आ गयी थी. अब आ रही है असली मिस लैला!" पडदा उघडला. तीच शकू, तेच कपडे... आणि टाळ्यांचा कडकडाट. वडील मान खाली घालून बसले होते. मी कोरसमध्ये उभी राहून सूर धरत होते आणि मला त्या टाळ्यांची किळस आली.

त्यानंतर तिनं हट्ट सोडला. कार्यक्रमाहून घरी आली की दारामागच्या खिळ्याला नकाब अडकवायची आणि मगच आत पाऊल टाकायची. म्हणायची, "बाबा, शकू आली." खाटेवरून हुंकार यायचा. वडील अगदी शेवटाला आले तेव्हा त्यांनी ते विहिरीचं गाणं मागितलं. मी तिथंच होते. शकू उशाशी बसून गायली, जीव ओतून गायली, पण ओळ संपत आली की तिचा गळा आपोआप वळायचा, लैलासारखा लहरत जायचा. तिनं थांबून पुन्हा पुन्हा सुरुवात केली. वडिलांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मग तिच्या हातावर थोपटून म्हणाले, "गोड हाय वं बाई... पण हे लैला हाय. आता शकूले पाठव."

ते गाणं तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही. पण दारात थांबून "बाबा, शकू आली" म्हणायची सवय, खाट रिकामी झाल्यावरही, तिनं मोडली नाही. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटायचं.

परवा तिच्या भावानं खोली आवरायला बोलावलं. दार ढकललं तर मागे खिळ्याला नकाब होता, जरीकाम काळवंडलेलं. आत जाणार तेवढ्यात पाय उंबऱ्यावरच अडला. खोलीत कुणी नव्हतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, शकू येऊन राहिली."