त्या मुलाच्या आईचं माहेर

आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सकाळपासून नुसती जुंपली होती. लहानपणापासून आम्ही सगळे ज्या जपानी कार्टून मालिकेवर जीव टाकत आलो, तिचा खऱ्या माणसांना घेऊन केलेला नवा अवतार येणार, असं जाहीर झालं होतं. सोबत एक फोटोही आला होता. जमिनीखालचं पाणी ज्याला ऐकू येतं, त्या मुलाचा. चित्रात त्याचे केस ज्वारीच्या धांड्यांसारखे ताठ उभे असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फोटोत तेच केस एका खऱ्या, घाम येणाऱ्या पोराच्या डोक्यावर होते आणि पोरगं शाळेच्या गॅदरिंगमधून पळून आल्यासारखं दिसत होतं.

ग्रुपमध्ये नांदेड-लातूरकडची माणसं आहेत, बहुतेकांना मी प्रत्यक्ष भेटलेली नाही. पण धास्ती सगळ्यांची एकच. एवढे मोठे डोळे खऱ्या माणसाला कुठून आणणार? मुलाला पाणी ऐकू आलं की त्याच्या तळपायातून निळ्या रेघा वर चढतात, त्यांचं हे लोक काय करणार? आणि एवढी लांबलचक गोष्ट आठ भागांत कशी कोंबणार? एकाने लिहिलं, एक रेघ जरी बदलली तरी मी बघणार नाही. त्याला धडाधड अंगठे मिळाले. मी चित्रकलेची शिक्षिका आहे, रेघेबद्दल कुणी बोललं की मला राहवत नाही. मी लिहिलं, की मूळ मालिकेत चौथ्या भागात मरणाऱ्या त्या मुलाच्या आईला इथं जिवंत ठेवलं तर काय बिघडेल?

मग माझी जी काही खरडपट्टी निघाली! एकाने तर तीन लांब मेसेज लिहून मला समजावलं, की आईचं मरण हेच या गोष्टीचं मूळ आहे, ती मेली नसती तर मुलगा घराबाहेर पडलाच नसता, आणि मला ही गोष्ट मुळात कळलेलीच नाही. माझं डोकं फिरलं. फोन उपडा ठेवला आणि उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासत बसले. त्याला कसं सांगणार? माझ्यापुरती ती बाई मेलीच नव्हती. ती निलंग्याला गेली होती.

तेव्हा आम्ही कंधारला राहायचो. मी पहिलीत होते, ताई सातवीत. पप्पा धर्माबादला मिरचीच्या अडतीवर कामाला होते, ते शनिवारी एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटे निघून जायचे. आणि आई आजारी होती. छातीचं दुखणं आहे, एवढंच मला सांगितलेलं. दिवाळीच्या आगेमागे ती जी खाटेवर पडली, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. घर सगळं ताईच्या अंगावर आलं होतं. ती भाकरी थापायची, माझी वेणी घालायची, आईच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायची आणि मला दटावायचीही.

दिवसभरात आमचं स्वतःचं असं एकच होतं, संध्याकाळी साडेपाचचं ते कार्टून. हिंदीत यायचं. पण लोडशेडिंगचं वेळापत्रक दर आठवड्याला बदलायचं आणि ज्या आठवड्यात संध्याकाळची पाळी यायची, त्या आठवड्यात गोष्ट निम्म्यावर आली की टीव्ही काळा पडायचा. रस्त्याच्या पलीकडच्या घरांची लाइन मात्र सरकारी दवाखान्याच्या लाइनला जोडलेली होती. तिकडे लाइट कधी जायची नाही. आमच्या बाजूला अंधार आणि वीस पावलांवर समोरच्या गुरुजींच्या खिडकीत निळा उजेड. लाइट गेली की ताई चपला न घालता पळायची, गुरुजींच्या खिडकीचे गज धरून उरलेली गोष्ट बघायची आणि परत येऊन आम्हाला सांगायची. दोघींना जाता यायचं नाही. आईजवळ कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

ती वेळ मला अजून स्वप्नात दिसते. खोलीत ना उजेड ना अंधार. औषधाचा वास. बाहेर कुणाच्या तरी म्हशी परतताहेत. मी खाटेशेजारी शहाबादी फरशीवर आडवी व्हायची आणि त्या मुलासारखा कान जमिनीला लावायची. फरशी गार असायची आणि तिच्याखालून खरोखरच काहीतरी गुरगुरत यायचं. आता कळतं, ती पलीकडच्या बोअरची मोटार असणार. तेव्हा ते पाणीच होतं.

"आलं का पाणी?" खाटेवरून आई विचारायची.

"येऊन राहिलंय," मी सांगायची.

मग ताई यायची. आईच्या पायथ्याशी बसून ती गोष्ट सांगायची. सगळ्यांचे आवाज काढायची, डोंगराचासुद्धा. खरं सांगते, लाइट असताना बघितलेल्या भागांपेक्षा ताईने सांगितलेले भाग मला जास्त आठवतात. त्यांतले रंग जास्त गडद होते.

चौथ्या भागात त्या मुलाची आई चटईवर पडलेली होती. ती खोकली, मुलगा पाणी शोधायला बाहेर धावला आणि आमची लाइट गेली. ताई पळाली. त्या दिवशी ती बराच वेळ आली नाही म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. ती रस्ता ओलांडून आली, पण घरात आली नाही. अंगणातल्या टाकीवर गेली, ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारलं, फ्रॉकला तोंड पुसलं आणि मग आत आली.

"सापडलं पाणी," ती म्हणाली. "तिनं घोटभर पेलं, अन् बरी झाली."

"बरं झालं," आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात लाइट होती. मुलगा हिंडूनफिरून घरी यायचा, पण घराचं दार बंद. आई कुठंच दिसेना. मी ताईला विचारलं. ती म्हणाली, आत स्वयंपाक करते. पुढच्या वेळी म्हणाली, झोपली असेल. तिसऱ्या वेळी मी ऐकेना, तेव्हा ती म्हणाली, माहेरी गेलीय. कुठंय तिचं माहेर, मी विचारलं. ताई जरा थांबली. आम्हाला माहीत असलेलं माहेर एकच होतं, आमच्या आईचं.

"निलंगा," ती म्हणाली.

आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिची चादर हलत होती. मला वाटलं, पुन्हा खोकला आला. आणि मला ते पटलंसुद्धा. एक जपानी बाई पिशवी घेऊन निलंग्याच्या एसटीत खिडकीपाशी बसलीय, हे चित्र माझ्या मनात इतकं पक्कं बसलं की मोठेपणी निलंग्याच्या स्टँडवर उतरताना मी एकदोनदा इकडेतिकडे बघितलंय.

उन्हाळ्यात आई बरी झाली. पुढे ताईचं लग्न होऊन ती लातूरला गेली आणि मी कॉलेजसाठी नांदेडला आले. होस्टेलवर एका रविवारी दुपारी मी फोनवर ती मालिका पहिल्यापासून लावली. चौथा भाग आला. मुलगा पाणी घेऊन परततो तर आईचा हात थंड झालेला असतो. रडारड काही नाही. तो आपला लाल रुमाल तिच्या अंगावर घालतो आणि त्याच्या पायांवरच्या निळ्या रेघा एकेक करून विझतात.

आधी मला ताईचा रागच आला. इतकी वर्षं मला खुळ्यात काढलं म्हणून. मग तिचं वय आठवलं. बारा वर्षांची ती, परक्याच्या खिडकीचे गज धरून एका आजारी आईला मरताना बघत होती, आणि तिथून वळून तिला आमच्या अंधाऱ्या घरात यायचं होतं, जिथं दुसरी आजारी आई गोष्टीची वाट बघत होती. मी होस्टेलच्या कॉटवर बसून खूप रडले. ताईला मात्र कधीच सांगितलं नाही की मला कळलंय. तिने एवढी सांभाळलेली गोष्ट मी कशाला मोडू?

म्हणून मी ग्रुपवर तसं लिहिलं होतं. बाकीचे सगळे देवाला साकडं घालत होते की काही बदलू नका, आणि मी एकटी म्हणत होते, बदला. कारण हा नवा अवतार जाहीर झाला त्या सुमारासच आईच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नसल्याचं निघालं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकलं, तेव्हा मला तो मुलगाच आठवला. ऑपरेशन मंगळवारी ठरलं. मालिका आली शुक्रवारी. ग्रुपवर आनंदीआनंद होता. केस बरे जमलेत, रेघाही छान जमल्यात, आणि पहिल्याच भागात आईचं मरण जसंच्या तसं घेतलंय, काडीचाही बदल नाही. मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना शिव्या घातल्या.

रविवारी मी नांदेडहून लातूरला ताईच्या घरी पोचले. ऑपरेशनसाठी आई-पप्पा तिच्याकडेच येऊन राहिले होते. जेवणं झाली होती, पंखा फिरत होता, आई दिवाणावर लोडाला टेकून बसली होती. ताईच्या मुलीने तिला नवी मालिका आल्याचं आधीच सांगून टाकलं होतं आणि स्वतः शेजारी खेळायला निघून गेली होती.

"ते आपलं कार्टून आता खऱ्या माणसांचं आलंय म्हणं," आई म्हणाली. "लाव की."

मी म्हटलं, नंतर बघू, ऑपरेशन झाल्यावर. ताई म्हणाली, त्यात काही दम नाही म्हणे. आईने ऐकलं नाही. लावावं लागलं.

मी ठरवलं होतं, ती वेळ आली की नेट गेल्याचं नाटक करायचं. पण बघता बघता मीच हरवले. ज्या पोराच्या केसांना आम्ही एवढं हसलो, त्याने गुडघे टेकून जमिनीला कान लावला आणि माझ्या गालाला कंधारची फरशी गार लागली. मग ती बाई आली. चित्रात माणूस आजारी असतो तेव्हा त्याचं चित्र नुसतं स्थिर असतं. इथं तिच्या मानेवरची शीर उडत होती. छाती वर येत होती, खाली जात होती, वर यायला जरा उशीर लावत होती. खऱ्या माणसांच्या अवतारात काय काय बिघडेल याची आम्ही महिनाभर चर्चा केली होती, पण हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते खरं दिसेल.

मुलगा बाहेर धावला. मी रिमोटकडे हात नेला, तर त्यावर आधीच ताईचा हात होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. एका क्षणात तिला कळलं की मला माहीत आहे.

"राहू द्या गं," आई म्हणाली. "ती मरती. ठाऊक हाय मला."

ताईने रिमोटवरचा हात काढून घेतला.

"तवाच ठाऊक होतं. तू रस्त्यावरून आलीस, अन् आत यायच्या आधी टाकीवर गेलीस. पाण्याचा आवाज मला खाटेवर आला. बरी झाली असती ती, तर तोंड कशाला धुतलं असतंस?" ती ताईकडे बघून हसली. "अन् पुढं एकदाबी ती बाई दारात आली न्हाई. कोणती माय लेकराला बघायला दारात येत न्हाई?"

"मग बोलली का नाहीस?" ताईचा आवाज फुटला होता.

"तू रोज तिला जगवून राहिली होतीस. मी कशाला मधी बोलू? मला ऐकायचं होतं, उद्या तिला कुठं धाडतीस ते." मग ती माझ्याकडे वळली. "निलंगा म्हणली तवा मला लई हसू आलं होतं. हसलं की खोकला यायचा, म्हणून तोंड फिरवलं."

पडद्यावर मुलगा ओंजळीत पाणी घेऊन पळत येत होता. आईने हात हलवला.

"बंद कर ते. पुढचं ताई सांगंल."

ताई आता शाळेत जाणाऱ्या मुलीची आई आहे, चष्मा लागलाय, ऑफिसात चार माणसं तिला घाबरतात. ती उठून दिवाणावर आईच्या पायथ्याशी जाऊन बसली. मी खाली फरशीवर आडवी झाले. सुरुवातीला तिला आवाज सापडेना. मग सापडला. सापडलं पाणी, ती म्हणाली, तिनं घोटभर पेलं. बरं वाटायला लई दिवस लागले, पण वाटलं. मग पिशवी भरली आणि निघाली माहेरला. एसटीत खिडकीची जागा मिळाली. डोंगराचा आवाजही ताईने काढला, पूर्वीसारखाच. माहेरच्या अंगणात ती बाई पोचायच्या आधीच आईचा डोळा लागला.

मंगळवारी तिला आत नेताना तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, निलंग्याला जाऊन येते. मला हसावं की रडावं कळेना. पप्पा पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. मी बाकावर बसून भिंतीला कान लावला, तर आत कुठंतरी पंप चालल्यासारखा आवाज येत होता. दुपार उतरायला लागली तेव्हा नर्सने दारातून नाव पुकारलं आणि ताई आत गेली.

दाराशेजारीच हात धुवायचं बेसिन होतं. ते मी आल्यापासून बघून ठेवलं होतं. दार उघडलं, ताई बाहेर आली. तिचे डोळे भरून वाहत होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता, चष्मा हातात होता. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले नाही, तिच्या पावलांकडे बघितलं.

ती बेसिनकडे वळली नाही. तशीच, ओल्या तोंडाने सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बरी हाय."