अमेरिका न पाहिलेली बाई

पन्नाशीला तीन वर्षं उरली असताना मी अमेरिकन स्टडीजमध्ये एम.ए. झाले आणि आमच्या घरात एक गैरसमज सुखाने नांदू लागला, की ही आता अमेरिकेला जाणार. मीही तो मोडला नाही. खोटं कशाला बोलू, सगळे माझ्याशी जरा जपून वागत होते, ते बरं वाटत होतं.

निकालानंतरच्या रविवारी कळवणहून मामेसासरे आले. नाशिक रोडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी कुरडयांचा डबा स्वतः वाहून आणला होता, सोबत काळा मसाला. डब्यावर त्यांच्या मुलाचा टेक्ससचा पत्ता. आमच्याकडे कुणी तिकडे निघालं, की त्याची बॅग त्याची राहत नाही. मग मला सांगावंच लागलं, की मी कुठेही जात नाहीये. अमेरिका मी इथेच लायब्ररीत बसून वाचते, आणि आता पीएच.डी.लाही अर्ज केलाय.

मामा डब्याकडे बघत म्हणाले, "जायाचंच नाय, तर शिकायचं कशाला, सूनबाई?"

माझे धाकटे दीर पत्रिका बघतात. न पाहिलेल्या देशावर प्रबंध लिहिणं ही फसवणूक आहे, असं त्यांनी जाहीर केलं. त्यात पीएच.डी.च्या प्रवेशाची मुलाखत नेमकी शुक्रवारी, आणि त्याच दिवशी वणीच्या गडावर देवीची ओटी. ओटी थोरल्या सुनेनेच भरायची, म्हणजे मी. तेव्हा मुलाखत सोडावी, असं सासूबाईंसकट सगळ्यांचं ठरलं. आमचे हे चहा उतू जातोय का बघायला उठले. एरवी ओट्याकडे फिरकत नाहीत.

मी तशी भित्री. भाजीवाला सांगेल तो भाव मुकाट देऊन येते. पण माझा विषय होता तिकडच्या माळरानावर एकट्या राहणाऱ्या शेतकरी बायकांची जुनी पत्रं. बर्फ, आटलेली गाय, पिठात पडलेले किडे, सगळं त्या बहिणींना कळवायच्या. दोन वर्षं त्या मलाच कळवत होत्या. त्यांना असं मध्येच सोडायचं?

"भावोजी," मी म्हटलं, "तुम्ही लोकांना मंगळ कडक आहे म्हणून सांगता. कधी जाऊन आलात?"

मामांना हसू फुटलं. ते ओसरायच्या आत मी सांगून टाकलं, "शुक्रवारी मी मुलाखतीला जाणार. ओटी शनिवारी भरेन. देवी रागावली, तर आमचं आम्ही बघून घेऊ."

शुक्रवारी घरचे जीपने गडावर गेले. मी मुलाखतीत फाईल पाडली, कागद वेचायला परीक्षकही वाकले. या वयात कशाला, असं त्यांनी विचारलं. अजून वाचून झालं नाही म्हणून, असं मी म्हणाले. शनिवारी एसटीने एकटी जाऊन ओटी भरून आले.

यादी लागली. माझं नाव सगळ्यात खाली, पण यादीत. सासूबाई अजून बोलत नाहीत. मी रोज अकराला लायब्ररीत जाते. दुपारी ज्याला गरम पोळी हवी, त्याने कणीक मळायला शिकावं. वयाची सबब मी ऐकून घेणार नाही.