हॉलची एक फेरी

ऐंशी सालानंतर लवकरच यांची दोंडाईच्याहून भुसावळला रेल्वेत बदली झाली. शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहत. त्यांच्या बायकोने, तिला आम्ही आंटी म्हणायचो, एका शनिवारी संध्याकाळी आम्हाला रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये नाचायला नेलं. रेकॉर्ड लागली की जोडपी समोरासमोर, हातात हात घेऊन हॉलभर गोल फिरत. मी बघतच राहिले. आमच्याकडे नवरा-बायको बाजारातसुद्धा बरोबरीने चालत नसत. हे पुढे, मी मागे. मला यांच्याबरोबर हॉलची एक अख्खी फेरी घालायची होती. बास, एवढंच. हट्टच धरला म्हणा ना.

पण यांना ठाऊक नाच तो वरातीतला. घोड्यापुढे, नवरदेवाकडे तोंड करून, जागेवर दणादण उड्या मारायच्या आणि बँड अगदीच अंगावर आला की नाइलाजाने मागे सरकायचं. वरात जितकी अडेल तितकी हौस! यांनी हॉलमध्येही तेच केलं, मधोमध ठाण मांडलं. मागची जोडपी आमच्यावर आदळू लागली.

"यहाँ खड़े नहीं रहते बेटा, चलते रहो," आंटी ओरडली.

हे पुढे पाऊल टाकायला गेले ते थेट माझ्या पायावर. वर म्हणतात, फरशी फार गुळगुळीत आहे. नाचता येईना अंगण वाकडं! मला असा संताप आला. त्यात भिंतीशी जाऊन म्हणाले, "चाल घर. हाई आपलं काम नई."

माझे डोळेच भरून आले. पण तेवढ्यात मला सुचलं.

"वरातमा मांगे सरकता येस ना तुम्हले? मंग मांगेच चाला. मी पुढे येस."

"लोके हासतीन."

"हासू द्या."

तिथे पुरुष पुढे येत आणि बायका मागे सरकत. आमचं सगळं उलटं. यांची पाठ वाटेकडे, त्यामुळे वाट दिसायची ती फक्त मला. हे सारखी मान वळवत आणि अडखळत.

"मांगे कोन शे?"

"कोनी नई. मन्हाकडे दखा."

लोक हसलेच, सगळ्यांत जास्त आंटी. मी खांदा दाबला की हे वळू लागले. खुर्च्या चुकल्या, कोपरा गेला, आणि यांनी मागे बघणं सोडून दिलं. चारचौघांत माझ्याकडे कधी मान वर करून न बघणारा माणूस फेरी पुरी होईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत, मी नेईन तिकडे चालत राहिला.